कुलूप लावणाऱ्याचे ऋण

एकाचे अहित टळावे म्हणून दुसऱ्यास दुःखात ठेवणे न्यायाचे होईल काय, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांत पुष्कळ चर्चिला गेला आहे. परंतु ज्या घरात कर्करोगाने पिडलेले माणूस अंथरुणास खिळले आहे, त्या घरात हाच प्रश्न दर महिन्यास उंबऱ्यापाशी येऊन उभा राहतो. वेदना शमविणारे औषध आहे. ते फार महागही नाही. तथापि ते कुलपात आहे, आणि ते कुलूप दर खेपेस नव्याने उघडून घ्यावे लागते. त्या औषधाचे नाव मॉर्फिन. आज याच प्रश्नाचा थोडा विचार आम्ही वाचकांपुढे मांडीत आहो.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, कुलूप उगीच लावलेले नाही. मॉर्फिन अफूपासून निघते, आणि अफूने या देशात काय केले ते आमच्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. मुंबईच्या गिरण्यांत बारा बारा तास राबणाऱ्या बाया तान्ह्या मुलास अफूची बाळगोळी देऊन निजवीत व कामावर जात. मूल रडत नसे. पण त्यास भूक लागल्याचेही कळत नसे, आणि ते वाळत जाई. ती आई दुष्ट नव्हती. ज्या पदार्थाने पीडा शमते त्याच पदार्थाने माणूस नासतोही, इतकाच त्याचा अर्थ. अलीकडचा दाखला हवा असल्यास अमेरिकेकडे पाहावे. तेथे 1996 साली ऑक्सिकोडोन या अफूवर्गातील द्रव्याची एक गोळी बाजारात आली. तिचे व्यसन सहसा लागत नाही असे कंपनीने डॉक्टरांस पटविले, आणि साध्या दुखण्यांसही ती सढळ हाताने दिली गेली. पुढे घरोघर व्यसन शिरले व असंख्य माणसे मेली. 2007 साली आणि पुन्हा 2020 साली त्या कंपनीने न्यायालयात अपराध कबूल केला. तेव्हा पहारा नसावा असे आमचे म्हणणे मुळीच नाही.

आता दुसरी बाजू पाहू. 1985 साली आपल्या देशात गुंगीकारक औषधी द्रव्यांसंबंधीचा कडक कायदा झाला. त्यात बहुतेक अपराधांस निदान दहा वर्षांची सक्तमजुरी होती. प्रमाण पाहून शिक्षेत भेद करण्याची तजवीज 2001 साली झाली. मॉर्फिन बाळगू इच्छिणाऱ्या रुग्णालयास बहुतेक प्रांतांत निरनिराळ्या खात्यांचे चार-पाच परवाने काढावे लागत, आणि ते सर्व एकाच वेळी चालू असावे लागत. एकाची मुदत संपली की बाकीचे निरुपयोगी होत. कायद्यात वैद्यकीय उपयोगास मनाई नव्हती. पण भय मनाईचेच काम करिते. रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणे सोडले, आणि नव्या डॉक्टरांची एक पिढी ते कसे द्यावे हे न शिकताच बाहेर पडली. 1985 पासून 1997 पर्यंत देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय खप शेकडा 97 इतका घटला. 1997 साली एवढ्या अफाट देशास अवघे 18 किलो मॉर्फिन पुरले, अथवा पुरले असे मानले गेले.

यात खेदाची गोष्ट ही की, आमचा देश या औषधास परका नाही. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश येथे सरकारी परवान्याने खसखशीची लागवड होते, आणि गाझीपूर व नीमच येथील सरकारी कारखान्यांत त्या अफूवर प्रक्रिया होते. शेतात पिकलेले औषध परदेशच्या रोग्यास मिळावे आणि शेजारच्या गावातील रोग्यास मिळू नये, असा हा प्रकार झाला.

केरळातील डॉ. एम. आर. राजगोपाल प्रभृती डॉक्टरांनी वर्षानुवर्षे खटपट केल्यावर 2014 साली कायद्यात दुरुस्ती झाली, आणि 2015 च्या नियमांनी मॉर्फिन धरून सहा औषधे अत्यावश्यक म्हणून वेगळी काढली. आता अनेक परवान्यांच्या जागी राज्याच्या औषध नियंत्रकाची एक मान्यता पुरते. मान्यता मिळालेल्या संस्थेने शिकलेला डॉक्टर नेमावा, गोळीगोळीचा हिशेब ठेवावा व वर्षाचा अहवाल द्यावा, एवढी अट आहे. ही मोठीच सुधारणा होय. परंतु नियम बदलला म्हणून भय एका दिवसात जात नाही, आणि मान्यता मागावयास पुढे येणाऱ्या संस्था हव्या तितक्या नाहीत.

आता इंद्रायणीकाठच्या चिखलीकडे वळू. वारकरी ज्यास टाळगाव चिखली म्हणतात ते हे गाव 1997 साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले, आणि आज त्याच्या आसपास कारखान्यांत राबणारी, दूरच्या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे दाटीने राहतात. समजा, अशाच एका भाड्याच्या खोलीत एका कामगाराची आई कर्करोगाने आजारी आहे. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा गुण सुमारे चार तास टिकतो. म्हणून ती दिवसरात्र घड्याळ पाहून द्यावी लागते. गोळ्या संपत आल्या की मुलास खाडा करून निघावे लागते. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात हे औषध सहसा नसते. पुण्यास वारजे येथे 1997 पासून असाध्य कर्करोगाच्या रोग्यांची विनामूल्य शुश्रूषा करणारे सिप्ला संस्थेचे केंद्र आहे, ही पुणेकरांची भाग्याची गोष्ट. पण चिखली उत्तरेच्या टोकास आणि वारजे दक्षिणेकडे, म्हणजे दोन्ही शहरे ओलांडून जावयाचे. दूरध्वनीवरून विचारून चिठ्ठी मागावी, तर 2020 साली दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याचे जे नियम निघाले त्यांनी गुंगीकारक औषधे तशा रीतीने लिहून देण्यास मनाई केली आहे. कोठे त्या दिवशी डॉक्टर रजेवर असतो, कोठे साठा आलेला नसतो. मग पुन्हा एक खाडा. चार दिवस उशीर झाला तर साध्या औषधाच्या बाबतीत फारसे बिघडत नाही. येथे मात्र वेदना परत येतेच, शिवाय औषध एकाएकी तुटल्याने शरीर निराळेच तळमळते. फेफऱ्यावरचे फिनोबार्बिटोन हे जुने स्वस्त औषधही याच कायद्याच्या यादीत आहे. ते एकाएकी बंद पडल्यास झटके उलटून येतात.

कोणी म्हणेल, सर्वांच्या रक्षणासाठी थोडक्यांनी थोडी गैरसोय सोसावी, यात अन्याय तो कसला? यास आमचे उत्तर असे की, गैरसोय सोसणारा स्वतःच्या खुशीने सोसतो तेव्हा तिला त्याग म्हणतात; ती दुसऱ्याने त्याच्यावर लादली म्हणजे तो कर होतो. आणि कर बसविताना ज्याला देण्याची शक्ती आहे त्याच्यावर तो आधी बसवावा, हा साधा न्याय आहे. येथे उलट होते. पहाऱ्याचा लाभ सर्व गावास मिळतो. पण त्याचा खर्च अंथरुणावरचे माणूस रात्र रात्र जागून देते.

दुसरा कोणी म्हणेल, कुलूप सैल केले की औषध फुटून वाईट हाती जाईल. ही शंका योग्य आहे, आणि तिची परीक्षाही झालेली आहे. कालिकत येथे 1993 साली स्थापन झालेल्या वेदनाशमन संस्थेने दोन वर्षांत 1723 रोग्यांस तोंडाने घ्यावयाचे मॉर्फिन घरी नेण्यास दिले. त्यांच्या औषधाचा दुरुपयोग झाल्याचे किंवा ते बाहेर गेल्याचे एकही उदाहरण आढळले नाही, असे 2001 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तेथे हिशेब होता, ओळख होती आणि घरी जाऊन विचारपूस होती. अमेरिकेत गोळी सुटली ती विक्रीच्या लोभाने; कालिकतेस ती दिली गेली शुश्रूषेच्या देखरेखीखाली. दोहोंस एकाच मापाने मोजणे बरोबर नाही.

आमच्या मते या चुकीचे मूळ निराळ्याच ठिकाणी आहे. एक गोळी वाईट हाती गेली तर तिची फिर्याद होते, पंचनामा होतो, कोणास तरी जाब द्यावा लागतो. जी गोळी रोग्यापर्यंत पोहोचलीच नाही तिची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. म्हणून अधिकाऱ्यास, डॉक्टरास व दुकानदारास नाही म्हणणे निर्धोक वाटते आणि होय म्हणणे जोखमीचे वाटते. परंतु नोंद नाही म्हणून हानी नाही असे होत नाही. न दिलेल्या गोळीचाही कोणी कर्ता आहेच.

यावरून आम्हांस जे वाटते ते असे. ज्याने कुलूप लावले त्याच्यावर किल्लीचे ऋण आहे. एखादी वस्तू खुल्या बाजारातून काढून सत्तेने स्वतःच्या ताब्यात घेतली, म्हणजे ज्याला तिची खरी गरज आहे त्याच्यापर्यंत ती पोहोचविण्याचे कामही सत्तेने स्वतःवर घेतले. पहारा बसवून हे दुसरे काम सोडून देणे म्हणजे विहिरीस कठडा घालून पोहरा काढून नेणे होय. तालुक्यातालुक्यास एक तरी मान्यताप्राप्त संस्था असणे, सरकारी रुग्णालयातील डॉक्टरास हे औषध देण्याचे शिक्षण मिळणे, साठा संपण्याआधी नवा येणे, ही त्या ऋणाची फेड होय; तिला कृपा म्हणू नये.

ऋण केवळ सरकारचेच आहे असे मात्र कोणी समजू नये. रोग्याच्या घरच्यांनी औषध कडीकुलपात ठेवावे, शेजाऱ्याच्या पाठदुखीस त्यातील एकही गोळी देऊ नये, कागद जपावे, आणि रोगी गेल्यावर उरलेल्या गोळ्या जेथून आणल्या तेथे परत कराव्या. कारण एका घराच्या हलगर्जीपणाने दहा घरांचा विश्वास जातो. गावकऱ्यांनी हे औषध घेणाऱ्यास अफीमबाज म्हणू नये, आणि मॉर्फिन सुरू झाले म्हणजे मरण जवळ आले अशी भीतीही पसरवू नये. योग्य प्रमाणात दिलेले मॉर्फिन मरण ओढून आणीत नाही. ते झोप देते, दोन घास खाऊ देते व मुलाबाळांशी बोलू देते. आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांस एक काम सहज करण्याजोगे आहे. मुलगा गोळ्या आणावयास गेला असेल त्या दिवशी म्हातारीपाशी बसावे, घड्याळ पाहून शिल्लक गोळी द्यावी, आणि महिना भरत आला की, गोळ्या किती उरल्या, हे त्या घरी जाऊन आपण होऊन विचारावे.