कुंडीवरचं मांजर

झोप न मिळालेल्या जिवाच्या वागण्याला जबाबदार कोण? या प्रश्नाला आपण प्राण्यांसाठी एक माप लावतो आणि माणसांसाठी दुसरं.

१९६०च्या दशकात फ्रान्समधल्या लियाँ शहरात मिशेल जुवे मांजराला पाण्यातल्या उलट्या कुंडीवर ठेवत. डुलकी चालायची, पण स्वप्नांची झोप लागली की स्नायू सैल पडतात; मांजर पाण्यात पडायचं आणि जागं व्हायचं. तिथेच काही मांजरांना पीसीपीए हे औषध दिलं गेलं. ते मेंदूत सेरोटोनिन तयार होऊ देत नाही. त्या मांजरांची झोप उडाली. सेरोटोनिनचा कच्चा माल टोचल्यावर ती काही तासांपुरती परतली. १९७० मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पीसीपीए दिलेल्या मांजरांचं वागणं नोंदवलं: ती जास्त खात, चवताळत, त्यांची कामवासना अनावर होई.

या मांजरांना कुणी 'स्वभावानेच वाईट' म्हणत नाही. पण सलग तीन रात्री रिलीज सांभाळून सकाळच्या मीटिंगमध्ये खेकसणाऱ्याला आपण लगेच 'ॲटिट्यूड'वाला ठरवतो.

मग सगळा दोष रसायनाचा? तसंही नाही. पीसीपीए चालू ठेवलं तेव्हा सेरोटोनिन कमी असूनही काही दिवसांनी मांजरं पुन्हा झोपू लागली. मेंदू एका बटणावर चालत नाही. शिवाय ज्याच्यावर आपण ओरडलो, त्याला लागलेलं खरंच असतं. कारण सापडलं म्हणून माफी मागणं टळत नाही.

पण कारण सापडलं की एक पाऊल मागे जाऊन विचारता येतं: कुंडीवर बसवलं कुणी?

१९८०च्या दशकात शिकागो विद्यापीठात ॲलन रेक्टशाफेन यांनी पाण्यावरच्या एकाच तबकडीवर दोन उंदीर ठेवले. पहिल्याचा डोळा लागला की तबकडी फिरायची आणि दोघांनाही चालावं लागायचं. पहिला जागा असताना दुसऱ्याला मात्र झोपता यायचं. चाल दोघांची सारखीच. पहिल्या जागेवरचे उंदीर भरपूर खाऊनही वाळत गेले आणि काही आठवड्यांत मेले. शवविच्छेदनात मृत्यूचं ठोस कारण सापडलं नाही. दुसरे बहुतांशी ठीक राहिले.

म्हणून 'काम तर सगळेच करतात, तुलाच काय होतं?' हा प्रश्न चुकीचा आहे. काम सारखं असेलही. तबकडी कुणाच्या झोपेवर फिरते, ते बघायला हवं. रात्री बारानंतर रील्स बघत बसलो तर ती आपणच फिरवतो, आणि उत्तर आपणच द्यायचं. पण ड्यूटीचं वेळापत्रक दुसऱ्याने लावलं असेल, तर आपल्या चिडचिडीतला काही वाटा त्याचाही आहे.

त्या मांजरांची, उंदरांची परवानगी कुणी घेतली नव्हती. त्यांच्या जिवावर एवढं कळलं आहे. आता कुणाला कुंडीवर बसवणाऱ्याला 'मला माहीत नव्हतं' असं म्हणायची सोय उरलेली नाही.