नाव सारखं म्हणून कार्ड सारखं?

यादीत नेटवर्कची चार कार्डं आणि चारहींपुढे तू एकच ओळ चिकटवली आहेस: डब्ल्यूएस-एक्स६७४८-जीई-टीएक्स. सिरियल नंबराच्या रकान्यात रेघ. शेऱ्यात ‘नंतर भरणे’. हे ‘नंतर’ कधी उजाडणार?

विचारलं की म्हणतोस, “सर, मॉडेल तेच आहे ना!” तेच आहे? मग सांग, त्या कार्डावर बसलेलं डॉटरकार्ड कोणतं? एकावर डीएफसी३बी, दुसऱ्यावर डीएफसी३बीएक्सएल, तिसऱ्यावर नुसतं सीएफसी. पाटी एक, माल तीन तऱ्हेचा. आणि हे तुला ठाऊक नाही असं म्हणायची सोय नाही. ट्रेनिंगमध्ये हाच भेद फळ्यावर काढून बाकीच्यांना समजावणारा तूच होतास. नवख्यानं ही चूक केली असती तर मी जवळ बसवून शिकवलं असतं. तुला काय शिकवू?

३बीएक्सएलमध्ये आयपीव्ही४ चे सुमारे दहा लाख मार्ग मावतात, ३बीमध्ये अडीच लाख. बीएक्सएलच्या चासीत ३बीवालं एक कार्ड घालून ती रीबूट केली की अख्खी चासी ३बीच्या मोडमध्ये उतरते. १२ ऑगस्ट २०१४ ला इंटरनेटचं राउटिंग टेबल ५१२के च्या हद्दीपलीकडे गेलं आणि जगभर राउटर आडवे झाले. त्यांत बीएक्सएलवालेही होते, कारण मेमरीची मूळ वाटणीच तेवढी होती आणि ती बदलायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. त्याच टेबलापुढे तू अडीच लाखांचं कार्ड उभं करणार, तेही नकळत?

“आपण नोंदी ठेवतो त्या नेटबॉक्समध्ये रकानाच नाही.” खोटं. २०२२ च्या ३.२ आवृत्तीपासून मॉड्यूल टाइप आहे, मॉड्यूल बे आहे, पार्ट नंबर आहे, सिरियलही आहे. रिव्हिजनसाठी कस्टम फील्ड काढायला किती वेळ लागतो? अरे, एन्टिटी-मिब या मानकाच्या १९९९ च्या आवृत्तीतच मॉडेल, सिरियल आणि हार्डवेअर रिव्हिजन वेगवेगळे ठेवले होते. ज्यांनी ते ठेवले ते काय रिकामटेकडे होते?

“वेळ नव्हता.” ‘शो इन्व्हेंटरी’ हे दोन शब्द टाइप करायला? पीआयडी, व्हीआयडी, एसएन, सगळं एका ओळीत हाती येतं. ‘शो मॉड्यूल’ तर तू चालवलंसही, लॉगमध्ये दिसतंय. वरच्या तक्त्यातलं नुसतं मॉडेल कॉपी केलंस. सब-मॉड्यूलचा तक्ता खालीच होता. तिथवर नजर न्यायचाही कंटाळा? नंतर तूच त्या यादीवर ‘पडताळणी पूर्ण’ अशी खूण केलीस. रिकामा रकाना मी एक वेळ समजून घेईन. ही खूण समजून घेणार नाही. काम झालं नाही हे माहीत असताना झालं म्हणून स्वतःचीच समजूत काढायची, याला काय म्हणायचं ते तूच सांग.

आणि स्पेअरचं काय? कपाटातल्या कार्डाला कमांड देता येत नाही. ते पिशवीतून काढून बोर्डावरचं लेबल वाचावं लागतं. रात्री दोन वाजता लिंक पडते तेव्हा झोपेतून उठवलेला फील्डचा पोरगा तुझी यादी उघडतो. नाव जुळलं म्हणून कार्ड उचलतो आणि गाडी काढतो. दीडशे किलोमीटरवर पोचल्यावर त्याला कळतं की चुकीचं आणलं. शिव्या त्याला बसतात, तुला नाही. लाज वाटायला हवी ती इथे.

तुझी नजर बारीक आहे, हात साफ आहे. म्हणूनच ही यादी दुसऱ्या कुणाकडे न देता तुझ्याकडे दिली. ती अशी थातुरमातुर परत येते तेव्हा मला राग कमी येतो, वाईट जास्त वाटतं.

चल, ऊठ. आधी ती ‘पूर्ण’ची खूण काढ. मग कपाटाची किल्ली घे, हातात ईएसडी पट्टा बांध आणि प्रत्येक कार्ड बाहेर काढून लेबल वाच. डॉटरकार्डाची नोंद वेगळी, त्याचं सिरियल वेगळं. लेबल पुसट असेल तर तसं लिही, अंदाजानं भरू नकोस. संध्याकाळी मी येतो आणि मला वाटेल ती कार्डं काढून तुझ्यासमोर ताडून बघतो.