भाकड गाईचे ऋण

नळदुर्गच्या किल्ल्यात, बोरी नदीवर, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या अमदानीत १६१३ साली उभारलेल्या पाणीमहालावरून पावसाळ्यात नर-मादी धबधबे कोसळू लागले, की भोवतालच्या माळावर पवना-मारवेल तरारते आणि गाईंच्या कासेत दूध उतरते. परंतु वैशाखात तेच रान करपून कडब्याची गंजी तळाला जाते, तेव्हा दूध आटलेल्या गाईला पोसावे की बाजार दाखवावा, हा प्रश्न कुणब्याच्या अंतःकरणाला कासावीस करतो.

शास्त्राने गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ, म्हणजे प्राणिमात्रांना त्यांचा वाटा देणे, गणला आहे. धारेला बसणारा कुणबी आधी वासराला लुचू देऊन पान्हा फोडतो आणि शेवटी एक सड त्याच्यासाठी राखतो. हा त्या यज्ञाचाच नित्य आचार होय. ज्याने असा परक्याचा हक्क मान्य केला, त्याला भाकड काळातील ऋणही नाकारता येत नाही.

तथापि १९७२ सारख्या दुष्काळात रिकाम्या दावणीच्या धन्यालाच अधर्मी ठरविणे हा अन्याय होय. दप्तरी नोंदलेले गायरान साऱ्या गावाचे असते. म्हणून त्याचे रक्षण करणे आणि सुगीतच चाऱ्याचा सामाईक साठा करणे, हे साऱ्या गावाचे धर्मकर्तव्य आहे.