बरड आणि गाळ : मातीची पहिली पावले

दख्खनचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून थिजला. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह आहे, थोडे पालाश आणि स्फुरदही आहे. नाही ते नत्र. ऊन, पाऊस आणि थंडी खडकाचा मुरूम करतात. पण मुरमाची माती व्हायची तर नत्र हवेतून उतरवावे लागते, आणि ते काम मुख्यतः जिवाणूच करतात. बारामतीचा जिरायती पट्टा आणि इंदापूरचा उजनीकाठ, दोन्हीकडे या कामाची सुरुवात उघड्या डोळ्यांनी पाहता येते.

सुपे परिसरातल्या माळावर मे महिन्यात दगडाखेरीज काही दिसत नाही. तरी त्या दगडांवर राखी, पिवळसर ठिपके असतात. ती दगडफुले. बुरशी आणि शैवाल यांचा तो एकत्र संसार. त्यातून पाझरणारी आम्ले खडकाचा पृष्ठभाग कणाकणाने सैल करतात. दगडांमधल्या मुरमावर काळसर पापुद्रा असतो. त्यात नीलहरित जिवाणूंचे धागे कोरडे पडून राहिलेले असतात. वळवाची सर पडली की तो पापुद्रा काही तासांतच हिरवट होतो, हवेतले नत्र बांधू लागतो आणि चिकट स्रावाने मुरमाचे कण एकमेकांना जोडतो. पहिल्या पावसाचा मृद्गंधही मोठ्या अंशी मातीतल्या जिवाणूंचाच. गुरांच्या खुरांनी किंवा गाडीच्या चाकांनी हा पापुद्रा फुटला, की तो पुन्हा धरायला वर्षे लागतात. माळावरची सर्वांत नाजूक वस्तू तीच, आणि तिच्याकडेच कुणाचे लक्ष नसते.

पापुद्र्यानंतर कुसळी गवते येतात. त्यांच्या मुळांचे जाळे वाहून जाणारा बारीक गाळ अडवते. मग उन्हाळी, म्हणजे शरपुंखा, हातभर उंचीने उभी राहते. तिचे रोप ओल्या मुरमातून हलक्या हाताने उपटले तर मुळांवर बारीक गाठी दिसतात. नखाने फोडल्यास ताजी गाठ आतून गुलाबी निघते. ऱ्हायझोबियम जिवाणू तिथे नत्र बांधत असल्याची ती खूण. तरवडही शेंगांचे झुडूप, पण त्याच्या मुळांवर अशा गाठी येत नाहीत. शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत. म्हणून ते टिकते, सावली धरते, पाला टाकते. त्याच्या आडोशाने पुढे हिवर, बाभूळ उगवतात. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य असल्याच माळावर, 1997 मध्ये घोषित झालेले, अवघे 5.14 चौरस किलोमीटरचे. तिथली चिंकारा हरणे या विरळ हिरवाईवर जगतात. अशा जमिनीला सरसकट पडीक म्हणणे चूक आहे.

माणसाला मात्र एवढी वाट पाहता येत नाही. बारामतीजवळ माळेगाव खुर्द येथे 2009 साली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था उभी राहिली, ती अशाच खडकाळ जागेवर. तिथे मुरूम फोडून, खड्डे आणि चर खणून, काळ्या मातीची भर घालून डाळिंब, पेरू यांच्या बागा वाढवण्यात आल्या. मातीची भर पडली की काळ वाचतो, कारण तिच्याबरोबर जिवाणूही आयते येतात.

हिमनद्या मागे सरतात तिथेही क्रम माळासारखाच. अलास्कातील ग्लेशियर बे येथे विल्यम कूपर यांनी 1916 मध्ये उघड्या पडलेल्या जमिनीवर कायमचे चौकोन आखले. त्यांची मोजणी शंभर वर्षांनंतरही चालू राहिली. तिथेही आधी जिवाणूंचा पापुद्रा, मग ड्रायसचे बुटके झुडूप आणि अल्डर. या दोहोंच्या मुळांत फ्रँकिया नावाचे जिवाणू नत्र बांधतात. कोकण किनाऱ्यावरच्या सुरूच्या मुळांतही त्यांचेच भाईबंद असतात. बर्फापासून जितके दूर चालावे तितकी जमीन जुनी, म्हणून तिथे अंतरावरून काळ वाचता येतो.

उजनीच्या काठी हाच हिशेब आठवड्यांत मांडलेला दिसतो. भीमेवरचे हे धरण 1980 मध्ये पूर्ण झाले. उन्हाळ्यात फुगवट्याचे पाणी ओसरते आणि इंदापूर तालुक्यात मैलोन् मैल गाळ उघडा पडतो. पाणी फारच उतरले की पळसदेवचे बुडालेले पळसनाथ मंदिरही वर येते. हा गाळ माळासारखा उपाशी नसतो. शेतांतून वाहून आलेली माती, कुजका पाला, बियाणे सारे त्यात असते. फक्त पाण्याखाली प्राणवायू नसल्यामुळे तो आतून काळा असतो, कुबट वास मारतो. वरचा थर वाळून भेगाळला की भेगांतून हवा आत शिरते, भेगेच्या कडा तपकिरी होतात आणि जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करू लागतात. लव्हाळा, माशीपत्री आणि शंकेश्वराची रोपे उगवतात. शेतकरीही या ओलीवर गाळपेर करतात.

हिमनदीने सोडलेल्या जमिनीवर घडी एकदा बसली की पुढे सरकत जाते. इथे ती दरसाल मोडते. पुण्याकडच्या धरणांचे पाणी आले की सारे पुन्हा बुडते. प्राणवायू संपतो, आणि दुसरे जिवाणू साठलेल्या नायट्रेटचा बराच भाग वायुरूपाने हवेत परत सोडतात. म्हणून काठावरून पाण्याकडे उतरताना काळात मागे गेल्यासारखे होते. पाणी क्वचितच पोचते त्या वरच्या कडेला वेडी बाभूळ, तिच्या खाली हराळी आणि लव्हाळा, मग भेगाळलेली उघडी ढेकळे. आणि अगदी पाण्यालगत, कालपरवा मोकळ्या झालेल्या चिखलावर, शैवालाची हिरवी साय आणि त्यात उमटलेली पाणपक्ष्यांची पावले.