कुणी विचारलं तर

आजचं वाचन : १ पेत्र ३:१५-१६



समजा, हरसूलच्या एखाद्या शाळेत ख्रिस्ती चित्रकार पाहुणा म्हणून गेला. त्याने मुलांना येशूबद्दल सांगावं का?

पेत्र सांगतो की आपल्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर तयार ठेवा, पण सौम्यतेने आणि आदराने द्या. मी ‘विचारलं तर’पाशी अडतो. वर्गातलं मूल उठून जाऊ शकत नाही. पाहुणा त्याच्यासाठी ‘सर’च असतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले जाणतो, आधीच टिक केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. घटनेचं कलम २८ हेच सांगतं: अनुदानित शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही.

मग सुवार्ता थांबवायची का? मुळीच नाही. गोव्याचे अँजेलो दा फोन्सेका (१९०२-१९६७) पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहिले. त्यांची मरिया साडी नेसते. चित्रासमोर थांबायचं की पुढे जायचं, हे बघणारा ठरवतो.

आणि आदर म्हणजे आधी त्यांचं बघणं. वारली लग्नात सवाशिणी भिंतीवर पालघाट देवीचा चौक लिहितात, तीही श्रद्धाच. पाहुण्याने आधी तो चौक समजून घ्यावा. मग एखादं मूल विचारेलच, “सर, तुमचा देव कसा?” तेव्हा मोकळेपणी सांगावं.

येशूने तर आपल्या बाराजणांनाही विचारलं होतं, तुम्हालाही जायचंय का? (योहान ६:६७)

प्रार्थना : प्रभू, आमचं जगणं असं कर की लोकांनी आपणहून विचारावं. आमेन.