वरच्या गावाने द्यायची खबर

सुरतेच्या नवागाम-डिंडोली भागात अहिराणी सहज कानावर पडते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसे कापडाच्या धंद्यामागे इथे आली आणि इथलीच झाली. त्यांच्या मुलखातून वाहणारी तापीही याच शहरापाशी समुद्राला मिळते. ती उगम पावते बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला; तिच्या पाण्यात बर्फाचा वाटा नाही. तरीही हिमनद्यांसाठी जगाने उभा केलेला पैसा कुठे घालावा, या प्रश्नावर सुरतेचा अनुभव ऐकण्यासारखा आहे.

2025 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी हिमनद्यांच्या जतनासाठी जाहीर केले आणि मे महिन्यात ताजिकिस्तानातल्या दुशान्बे येथे त्यासाठी परिषद भरली. पण निधीने बर्फ गोठत नाही. काठमांडूच्या 'इसिमोड' संस्थेच्या 2023 च्या अहवालानुसार हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्या 2011 ते 2020 या काळात आधीच्या दशकापेक्षा 65 टक्के अधिक वेगाने घटल्या. कोळसा, तेल आणि वायू जाळणे कमी करणे हाच त्यावर खरा उपाय, आणि तो मुख्यतः श्रीमंत देशांच्या व मोठ्या उत्सर्जकांच्या हातात आहे. त्याची भरपाई कुठल्याही निधीने होणार नाही.

पैसा करू शकतो ते काम वेगळे आहे. फुटण्याचा धोका असलेल्या नेपाळच्या इम्जा हिमतलावाची पातळी 2016 मध्ये तीन मीटरहून अधिक उतरवली गेली. पैसा जागतिक पर्यावरण निधीचा होता, पाच हजार मीटर उंचीवर कष्ट केले नेपाळी सैन्याने, आणि खालच्या वस्त्यांसाठी इशाऱ्याची यंत्रणाही बसवली गेली. सिक्कीमच्या दक्षिण ल्होनाक तलावाचा धोकाही अनेक वर्षे माहीत होता. तिथे मात्र इशाऱ्याची पूर्ण यंत्रणा उभी राहण्याआधीच 4 ऑक्टोबर 2023 ला तलाव फुटला आणि चुंगथांगचे धरण वाहून गेले. माणसे झोपेत सापडली. हे दुःख टाळता येण्यासारखे होते, म्हणूनच ते अधिक बोचते.

आता सुरत. ऑगस्ट 2006 मध्ये तापीच्या वरच्या खोऱ्यात, म्हणजे मुख्यतः महाराष्ट्रात, तुफान पाऊस झाला. उकाई धरणातून सुमारे 9 लाख क्युसेकपर्यंत विसर्ग करावा लागला आणि शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या रॉकफेलर फाउंडेशनने आशियातल्या शहरांसाठी हवामानबदलाचा कार्यक्रम सुरू केला. भारतातून सुरत, इंदूर आणि गोरखपूर निवडली गेली. सुरतेत त्या पैशाचा मोठा उपयोग झाला तो वरच्या खोऱ्यातला पाऊस, धरणात येणारे पाणी आणि शहरातली पातळी एका साखळीत जोडून पूर्वसूचना देण्यासाठी. महापालिका, पाटबंधारे खाते, अभियांत्रिकी महाविद्यालय आणि व्यापारी मंडळ एका ट्रस्टमध्ये आले. शहरी आरोग्यासाठी एक केंद्रही त्यातून उभे राहिले. सगळे सुटले असे नाही. जोराच्या पावसात शहरातली मिठी खाडी आजही लिंबायत भागातल्या घरांत शिरते. पण परक्या पैशाचे मला पटलेले रूप हेच: बातमी वेळेवर पोचवणारी आणि ती ऐकून हलणारी माणसे एकत्र आणणारे.

आणि सुरतेला हिमनद्या परक्याही नाहीत. जगभरचा वितळलेला बर्फ समुद्राची पातळी वाढवतो, आणि भरतीच्या वेळी तापीचा पूर मुखाशी अडतो.

हिमालयात मात्र पूर्वसूचनेची ही साखळी तुटकी आहे. ब्रह्मपुत्रेच्या पूरकाळातले आकडे देण्याचा चीनशी झालेला करार 2023 मध्ये संपला. सिंधू करार एप्रिल 2025 पासून भारताने स्थगित ठेवला आहे. तरी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तवी नदीला पूर येणार अशी खबर भारताने पाकिस्तानला दिली, आणि ते योग्यच झाले. पाण्यात वाहून जाणाऱ्या माणसाला कुठल्याही कराराशी देणेघेणे नसते.

पैशाचे म्हणाल, तर 2009 मध्ये श्रीमंत देशांनी हवामानबदलाशी झुंजणाऱ्या गरीब देशांसाठी कबूल केलेले वर्षाचे 100 अब्ज डॉलर 2020 पर्यंत द्यायचे होते. तो आकडा गाठला गेला 2022 मध्ये, तोही बराचसा कर्जाच्या रूपात. बाकूच्या हवामान परिषदेत 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्ज ठरले. ज्या डोंगरी वस्त्यांनी हवेत धूर फारसा सोडलाच नाही, त्यांना तलाव उपसण्यासाठी कर्ज देणे अन्याय आहे. हा पैसा अनुदान म्हणूनच गेला पाहिजे.

त्यासोबत एकच अट असावी: वरच्या देशाने पाऊस, पाण्याची पातळी आणि हिमतलावांचे आकडे खालच्या देशाला त्याच दिवशी द्यावेत, संबंध कसेही असोत. ही मागणी भारतानेच पुढे होऊन करावी. चीन आणि नेपाळच्या खाली आपण आहोत, आणि पाकिस्तान व बांगलादेशाच्या वरही आपणच आहोत.