उताऱ्याच्या आधारे

'उतारा' या शब्दाइतका नाना तऱ्हेने राबणारा शब्द आमच्या भागात दुसरा नसेल. विंचू चावला की त्यावर उतारा शोधतात. पोराला दृष्ट लागली की भाकरीच्या तुकड्याचा उतारा ओवाळून तिठ्यावर ठेवतात. कर्ज काढायचे, वाटणी करायची, म्हणजे आधी सातबाराचा उतारा काढावा लागतो. आणि पोर शिकायला लागले की परीक्षेत उतारा येतो : 'खालील उतारा वाचून त्याच्या आधारे प्रश्नांची उत्तरे द्या.' या शेवटच्या उताऱ्याने गेले वर्षभर माझ्या मनाची थोडी घालमेल केली आहे. ती वाचकांपुढे मांडावी, म्हणून हा लेख.

मांजरसुंब्याहून केजकडे जाताना नेकनूर लागते. बीड तालुक्यातले हे गाव जनावरांच्या बाजारासाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालो आणि येथेच राहिलो. संध्याकाळी माझ्या ओसरीवर पाचसहा पदवीधर मुले-मुली येतात. त्यांना पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या प्रवेशपरीक्षा द्यायच्या असतात. त्यांना गणिताची भीती नाही; भीती आहे ती इंग्रजी उताऱ्याची. व्यवस्थापनाच्या आपल्या राज्याच्या सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ४५ सेकंद. 'कॅट' नावाच्या देशव्यापी परीक्षेत गेल्या काही वर्षांत भाषेच्या विभागातले २४ पैकी १६ प्रश्न चार उताऱ्यांवर येत आले आहेत आणि पर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकले तर एक गुण कापून घेतात. ज्या मुलीच्या घरी इंग्रजीचा एक शब्द कधी बोलला गेला नाही, तिने तिकडे हिमनद्या, चित्रकला, बँका अशा विषयांवरचे उतारे घड्याळाकडे पाहत पचवायचे.

या खेळाचा पहिला नियम मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगतो. आपल्याला काय ठाऊक आहे ते दारात चपलांजवळ ठेवून यायचे. उताऱ्यात जे आहे तेवढेच खरे. उताऱ्यात सूर्य पश्चिमेला उगवत असेल, तर उत्तरातही तो पश्चिमेलाच उगवला पाहिजे. मुले हसतात आणि नियम लिहून घेतात. मीही तो वर्षानुवर्षे सांगत आलो. त्यात काही विचार करण्यासारखे आहे असे कधी वाटले नाही.

गेल्या आषाढात एका सराव-पुस्तकातला उतारा मी दिला. विषय होता ऊसतोडणीच्या मजुरांचा. लेखकाचे म्हणणे असे, की दुष्काळी भागातले मजूर एकरकमी उचलीच्या आकर्षणाने घर सोडतात. गावात थोडेफार काम मिळत असतानाही ते हा मार्ग पसंत करतात. पहिला प्रश्न : लेखकाच्या मते मजूर स्थलांतर का करतात? सगळ्यांनी 'उचलीच्या आकर्षणामुळे' हा पर्याय धरला. एका मुलीने मात्र 'गावात काम नसल्यामुळे' यावर खूण केली. मी तिची खूण खोडली.

ती म्हणाली, "सर, उत्तर नाही चुकलं. उतारा चुकलाय."

तिचे आईवडील दरसाल दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, हा तिकडचा हिशेब. माणसे मोजायची नाहीत, कोयते मोजायचे. लहानपणी तीही फडात राहिली आहे, कोपीत झोपली आहे. मी म्हणालो, "बाई, प्रश्न तुझ्या मताचा नाही, लेखकाच्या मताचा आहे." तिने ऐकले, खूण बदलली, पण बदलताना म्हणाली, "म्हणजे माझ्या आईबद्दल मला माहिती नसलेल्या माणसाला काय वाटतं, ते सांगितलं की एक मार्क." बाकीची मुले हसली. मला हसता आले नाही.

रात्री मी माझ्या बाजूचे मुद्दे मांडून पाहिले. ते लंगडे नव्हते. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी हा शिस्तीचा धडा फार पूर्वी घालून दिला आहे. प्रतिपक्षाचे मत खोडायचे तर आधी त्याचा पूर्वपक्ष मांडायचा, आणि तो असा मांडायचा की प्रतिपक्षानेही मान हलवावी. शंकराचार्यांच्या भाष्यात सांख्यांना आधी आपले म्हणणे मांडू दिले आहे. ग्रंथाचे तात्पर्य कसे ठरवावे, यासाठी मीमांसकांनी सहा खुणा सांगितल्या : उपक्रम आणि उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद, उपपत्ती. आजचे क्लासवाले 'पहिला आणि शेवटचा परिच्छेद नीट वाचा, पुन्हा पुन्हा काय येते ते पाहा' म्हणतात, तेव्हा ते नकळत पहिल्या दोन खुणाच सांगत असतात. दुसऱ्याचे बोलणे संपेपर्यंत आपले बोलणे आवरणे, हा काही कमी दर्जाचा सद्गुण नव्हे.

आणि मला माझे आजोबा आठवले. निजामाच्या राज्यातली गोष्ट. कचेरीची भाषा उर्दू. आजोबांना अक्षरओळख नाही. त्यांनी नडीला एका सावकाराकडून पैसे घेतले आणि कागदावर अंगठा दिला. बोलणे झाले होते गहाणाचे. कागद निघाला खरेदीखताचा. विहिरीकडची चार एकर जमीन गेली. आजोबा मरेपर्यंत सांगत, "गहाणच ठरलं होतं, देवाशपथ." ते खोटे बोलत नव्हते. त्यांना व्यवहार ठाऊक होता, कागद ठाऊक नव्हता. आपल्याला जे माहीत आहे तेच कागदात असणार, अशा समजुतीने त्यांनी अंगठा उठवला. 'उताऱ्यात जे आहे तेवढेच' हा नियम त्यांना कोणी शिकवला असता, तर ती जमीन आज आमच्या नावे असती. म्हणजे हा नियम गरिबाच्या पाठीवर मारलेला आसूड नाही; उलट त्याच्या हातातली काठी आहे. मजकूर काय म्हणतो, हे आपल्या इच्छेपासून आणि आपल्या ज्ञानापासूनही वेगळे काढता आले पाहिजे. उतारा खोटा असू शकतो. पण उतारा असे म्हणतो, हे खरे असते. त्या मुलीला खोटे उत्तर द्यायला मी शिकवत नव्हतो.

येथे लेख संपवता आला असता. पण आजोबांच्या मागून वडील आठवले, आणि त्यांनी माझी बाजू मोडून काढली.

१९७२ साली मी तेव्हाच्या औरंगाबादला शिकत होतो. इकडे तो प्रसिद्ध दुष्काळ पडला. वडील चार यत्ता शिकलेले. महिन्याला एक पोस्टकार्ड येई. एका कार्डात त्यांनी लिहिले होते, की येथील सर्व क्षेम आहे, बैलजोडी बाजारात दिली, त्यामुळे आता वैरणीची काळजी उरली नाही, अभ्यास नीट करावा. मी कार्ड वाचले. उताऱ्याच्या आधारे पाहिले तर सर्व क्षेम होते आणि एक काळजी कमीही झाली होती. मी निश्चिंत मनाने सिनेमाला गेलो. दोन महिन्यांनी घरी आलो, तेव्हा आई दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि घरात मिलोची लाल भाकरी होती. रिकाम्या गोठ्यात वडील बसले होते. शेतकरी बैल विकतो म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हते असे थोडेच आहे? पण मी ते चपलांजवळ ठेवून वाचले होते. इंग्रजीच्या पेपरात मला त्या वर्षी वर्गात सर्वांत जास्त गुण होते.

आमच्या बाजारात बैल घेणारा मालकाच्या तोंडाकडे पाहत नाही, बैलाच्या तोंडात पाहतो. दोन दाती, चार दाती, जुळलेला, हे तो स्वतः बोट घालून ठरवतो. मालक काय सांगतो तेही तो नीट ऐकून घेतो. पण ते मालकाचे सांगणे म्हणून ऐकतो. हे 'म्हणून' फार महत्त्वाचे आहे. परीक्षेतल्या प्रश्नात 'लेखकाच्या मते' हे दोन शब्द असतात. पण तेच दोन शब्द हजार वेळा वाचले, की 'लेखकाच्या' हळूहळू गळून पडते आणि मत तेवढे उरते. मी स्वतः इंग्रजी पुस्तकांतून 'मागासलेला प्रदेश' हे वर्णन इतकी वर्षे वाचले, की एके काळी सुट्टीत एसटीतून उतरताना मला माझे गाव त्याच दोन शब्दांत दिसे. कोणी मला तसे पाहायला सांगितले नव्हते. मी फक्त चांगला वाचक झालो होतो.

तेव्हा दोष नियमात नाही, नियम अर्ध्यावर सोडण्यात आहे. शास्त्रकार पूर्वपक्ष मांडून थांबत नसत. त्यानंतर उत्तरपक्ष येई. परीक्षा पूर्वपक्षाशी थांबते. लाखभर उमेदवारांचे कागद यंत्राने तपासायचे, तर तिला थांबावेच लागते. त्याबद्दल मी तिला दोष देत नाही. पण मी यंत्र नाही, आणि माझ्या ओसरीवर पाचसहाच मुले असतात. बंकटस्वामींच्या नेकनुरात कीर्तन ऐकत वाढलेल्या माणसाला हे उशिरा सुचावे, याची लाज वाटते. कीर्तनकार चार चरणांचा अभंग घेतो, त्यातल्या शब्दाशी इमान राखतो आणि त्याच्याच आधाराने दोन तास श्रोत्यांच्या संसारात फिरून येतो.

दुसऱ्या दिवसापासून मी एक बदल केला. उत्तरे झाल्यावर वहीत एक रेघ मारायची आणि रेघेखाली लिहायचे : 'हे मला पटते का? मला काय ठाऊक आहे?' मराठीत लिहिले तरी चालेल. एकाने विचारले, "सर, याला मार्क किती?" मी म्हणालो, "शून्य." दोघांनी पहिल्याच आठवड्यात ते लिहिणे सोडून दिले, वेळ थोडा असतो, त्यांचेही बरोबर आहे. त्या मुलीने त्या जुन्या उताऱ्याखाली लिहिले, की उचल घेताना आईने आधी दुकानदाराची उधारी मोजली होती, त्याला आकर्षण म्हणत असतील तर माहीत नाही.

दसऱ्यानंतर ती एका संध्याकाळी वेळेआधी आली. हातात एक कागद होता. मुकादमाने या वर्षीच्या उचलीचा कागद करून घरी सहीला पाठवला होता. वडील म्हणाले होते, दरसालचाच आहे, सही करून टाकू. तिने तो थांबवून ठेवला होता. कागदात उचलीची रक्कम होती, टोळीचे नाव होते, खाडा पडला तर दिवसाला किती कापायचे ते होते.

"सर, तो एक प्रश्न असतो ना नेहमी," ती म्हणाली, "खालीलपैकी कोणती गोष्ट उताऱ्यात आलेली नाही?"

तिने वहीत पाच गोष्टी लिहून आणल्या होत्या. टनाचा दर. हिशेब कोणत्या तारखेला. आजारी पडले तर तो खाडा धरायचा की नाही. दवाखान्याचा खर्च कोणाचा. हंगाम लवकर संपला तर उरलेल्या पैशांचे काय. मी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. पाचही गोष्टी त्यात नव्हत्या. सहावी मला सापडली नाही.

मुकादमाने यादी पाहिली आणि हसला. पाचांपैकी एक, हिशेबाची तारीख, त्याने कागदाच्या कडेला लिहून दिली. बाकीच्या चार लिहिल्या नाहीत. वडिलांनी सही केली. न करून चालण्यासारखे नव्हते. भाऊबीजेनंतर टोळी जाईल. मुलगी धाकट्या भावाला घेऊन येथेच राहील आणि रोज संध्याकाळी उतारा सोडवायला येईल. त्या चार गोष्टी तिने वहीत रेघेखाली उतरवून ठेवल्या आहेत.